आडवे तिचे, उभे हिचे

त्या घराला मजले दोन होते आणि वर्तमानपत्र एकच येई. पेपरवाला ते सकाळी खालच्या दारात टाकी. खालच्या मजल्यावरचा धाकटा भाऊ चहाबरोबर ते चाळे आणि कामावर निघताना जिना चढून वरच्या दाराशी ठेवून येई. वर त्याची वहिनी राही, म्हणजे घरातली थोरली जाऊ. दिवसभर पेपर तिच्याकडे. दुसऱ्या दिवशी तो शिळा होऊन पुन्हा खाली येई, कारण खाली धाकट्या जावेचं शिवणकाम चाले आणि बाह्या-कॉलरी बेतायला तिला कागद लागत.

धाकटीचं मशीन पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी होतं. नवे कपडे ती क्वचितच शिवी. तिचं काम दुरुस्तीचं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं. "या गल्लीतल्या सगळ्या पोटांचा इतिहास माझ्याकडे आहे," असं ती म्हणे, आणि ते खरंच होतं. कोण सुटलं, कोण वाळलं, कोणाच्या मुलीने एकदम उंची घेतली, ते तिला घरच्यांच्या आधी कळे. हात चालू असताना तोंडही चालू असे. गिऱ्हाईक नसलं तर ती मशीनशी बोले.

थोरलीची गोष्ट वेगळी. तिने सगळी नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोनवर काढली होती. कानाला यंत्र लावून बसायचं आणि आलेला फोन हव्या त्या वॉर्डात जोडून द्यायचा. घाबरलेली माणसं फोन करत आणि तिचा आवाज ऐकून निम्मी शांत होत. गावात तिला चेहऱ्याने ओळखणारे थोडे, पण दुकानात तिने "अर्धा किलो द्या" म्हटलं की शेजारचं कुणीतरी वळून बघे. गल्लीने तिचं नाव हॅलोबाई ठेवलं होतं. नवरा गेल्यावर ती वर एकटीच राही. दुपारी जेवण झालं की पेपर उघडून चौथ्या पानावरचं शब्दकोडं घेऊन बसे. आधी ते दोघं मिळून सोडवत. आता ती एकटी सोडवी, शाईच्या पेनाने, खाडाखोड न करता. अक्षर असं की छापल्यासारखं.

धाकटीला त्या कोड्याचं काडीचंही कौतुक नव्हतं. सदऱ्याची पाठ कापताना मध्येच ते चौकोन आले की ती त्यावरून सरळ कात्री चालवी.

थोरलीला मूल नव्हतं. धाकटीला एक मुलगा. रांगत्या वयात त्याने आईच्या डब्यातली गुंडी गिळली होती. तेव्हा थोरलीने रुग्णालयातून डॉक्टरला गाठून फोनवर त्याच्याशी बोलून सगळ्यांना धीर दिला होता. गुंडी यथावकाश बाहेर आली, पण पोराचं नाव गुंड्या पडलं ते पडलंच. तो वाढला दोन्ही मजल्यांवर. जेवण खाली, अभ्यास वर. खालच्या बाईला आई म्हणे, वरच्या बाईला मोठी आई. खालची ओरडली की वर पळे, वरची ओरडली की खाली येई. दोघी एकदम ओरडल्या तर पळायला तिसरा मजला नव्हता, एवढंच त्याचं दुःख होतं.

गुंड्याने यंत्रांची पदविका घेतली. त्याचा बाप लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. धाकटीने मनाशी पक्कं धरलं होतं की पोरगा बापाच्याच कंपनीत लागेल आणि दुपारचा डबा घरी येऊन खाईल. बापाने तसा शब्दही टाकून ठेवला होता. पण गुंड्याच्या डोक्यात जहाज होतं. मालवाहू जहाजांवर, तळाशी इंजिनाच्या खोलीत काम करायचं. त्याने हे आईला सांगितलं नाही, मोठ्या आईला सांगितलं. जहाज कंपनीची मुलाखत फोनवर व्हायची होती. फोनवर कसं बोलायचं ते शिकवायला त्या घरात थोरलीहून चांगलं कोण होतं? तिने त्याला बसवून घेतलं. श्वास कुठे घ्यायचा, प्रश्न कळला नाही तर पुन्हा कसा विचारायचा, सगळं शिकवलं. मुलाखत वरच्याच खोलीतून दिली. नोकरी लागली. जाण्याचा आठवडा उजाडला तेव्हा गुंड्याने खाली येऊन आईला सांगितलं.

धाकटी हातातली पँट तशीच घेऊन जिना चढली.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," थोरली म्हणाली.

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तो सांगणार होता. त्याचं त्याने सांगावं असं मला वाटलं."

"तो काय, लहान आहे. तुम्ही तर मोठ्या होतात."

शब्दाने शब्द वाढत गेला. थोरली आवाज चढवत नसे, टेलिफोनवरची सवय, आणि तेच धाकटीला जास्त झोंबलं. आपण आकांत करतोय आणि ही बाई आपल्याला कुठल्यातरी वॉर्डात जोडून देतेय असं तिला वाटलं. मग तिच्या तोंडून गेलं, "पोटचा असता तर पाठवला असतात का?"

थोरली उठली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. धाकटी जिना उतरली. खाली आल्यावर तिला कळलं की हातातल्या पँटेची टाचणी आपल्या तळहातात रुतली आहे.

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. गुंड्या गेला, जाताना दोघींच्या पाया पडून गेला, एकदा वर आणि एकदा खाली. घराचा कारभार अडला नाही. पाण्याची वेळ, सिलिंडर, झाडू मारणारीची सुट्टी, सगळे निरोप धाकटीचा नवरा नेई-आणी. गुंड्याचा फोन आला की आईचं बोलणं झाल्यावर मोबाइल घेऊन तो जिना चढे. "दिवसभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करतो," तो म्हणे, "आणि घरी आलो की मीच लिफ्ट." बायको हसत नसे. वहिनीही हसत नसे. तो बिचारा स्वतःच थोडा हसून घेई.

कोड्याची सुरुवात निव्वळ खोडीतून झाली. एका सकाळी नवरा आंघोळीला गेला होता, पेपर टेबलावर पडला होता, आणि धाकटीची नजर त्या चौकोनांवर गेली. दुपारी वर ती बाई आरामात हे घेऊन बसेल, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने गिऱ्हाइकांची मापं लिहायचं बॉलपेन घेतलं आणि आडव्या शब्दांपैकी एक वाचला. 'घाई', चार अक्षरी. तिने ठसठशीत अक्षरात 'गडबड' लिहिलं. मग पेपराची घडी घालून साळसूदपणे जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिळा पेपर खाली आला, तेव्हा तिने आधी चौथं पान उघडलं. 'गडबड'मधला 'ब' तसाच होता. बाकीची तीन अक्षरं एकेका बारीक रेघेने छाटली होती आणि वर नाजूक अक्षरात लिहिलं होतं, 'लगबग'. सगळं कोडं पुरं होतं. चिडल्याची एक खूण नाही. धाकटीला आपण कुणालातरी चिमटा काढावा आणि त्याने नुसती बाही सरळ करावी तसं झालं.

पण हिला कसं कळलं की गडबड नाही आणि लगबगच? धाकटीने कात्री बाजूला ठेवली आणि बघत बसली. 'ल'च्या खालून एक उभा शब्द उतरत होता. तो 'लगाम' होता. म्हणजे उभ्याने आडव्याला धरून ठेवलं होतं, एका शिवणीने दुसरी धरावी तसं. हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग ती रोज लिहू लागली. अजूनही ती खोडीच आहे, असं ती स्वतःला सांगे. नवरा आंघोळीहून येईपर्यंत जेवढे आडवे शब्द येतील तेवढे भरायचे, उभ्यांना हात लावायचा नाही, कारण उभे कठीण वाटत. बरेचसे चुकत. 'रवी', दोन अक्षरी, तिने 'सुर्य' लिहिला. परत आला तेव्हा ऱ्हस्व उकार खोडून दीर्घ केला होता, कारण तिथून खाली 'सूचना' जात होती. "एवढ्याशा उकारावाचून कुणाचं अडलं होतं," ती मशीनला म्हणाली. पण पुढच्या वेळी सूर्य आला तेव्हा उकार बरोबर पडला. एकदा 'कापडाची रुंदी', दोन अक्षरी, असं आलं. तिने क्षणात 'पन्हा' लिहिलं आणि अख्खी सकाळ मनातल्या मनात मिरवली. दुसऱ्या दिवशी पेपर परत आला तेव्हा त्या शब्दाशेजारी समासात बरोबरची लहानशी खूण होती. एवढीच. धाकटीने त्या दिवशी चौथं पान कापायला घेतलं नाही. घडी करून मशीनच्या खणात ठेवलं, आणि का ठेवलं ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

हळूहळू न ठरवता असं ठरून गेलं की आडवे शब्द खालचे आणि उभे वरचे. थोरली आता आडव्यांना हात लावीनाशी झाली. धाकटीचा एखादा राहिला तर तो मोकळा ठेवून ती पेपर परत पाठवी, म्हणजे शिळ्यावर का होईना, धाकटीने भरावा. काही दिवस झकास जात. काही दिवस असे जात की धाकटीला पहिल्या ओळीपासून काही सुचत नसे, आणि मग गिऱ्हाइकांची कंबर उगाच चार बोटं जास्त सैल होई. नवरा सगळं पाहत होता. त्याने ताकास तूर लागू दिली नाही. फक्त आंघोळीला जास्त वेळ लावू लागला.

एकदा मात्र अडलं. आडवा शब्द होता, 'रुसून बोलणे बंद करणे', तीन अक्षरी. धाकटीला तो वाचताक्षणी आला. तिने पेन टेकवलं आणि उचललं. तेवढा सोडून बाकीचे भरले. दुसऱ्या दिवशी पेपर खाली आला, उभे शब्द सगळे भरलेले, त्यांच्यामुळे मधलं 'बो' आपोआप पडलेलं, आणि त्याच्या दोन बाजूंचे दोन चौकोन कोरे. धाकटी बराच वेळ त्या एकट्या 'बो'कडे बघत राहिली. नवरा चहाचा कप घेऊन मागून आला. त्याने तिच्या हातातलं पेन घेतलं, 'बो'च्या अलीकडे 'अ' लिहिलं, पलीकडे 'ला' लिहिलं, आणि कामावर निघून गेला.

ती त्याच दिवशी वर गेली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कित्येकदा वाटलं. पण गेली नाही. काय बोलायचं तेच सुचेना. आपण जे बोललो ते परत कसं घ्यायचं, त्याला कात्री लागत नाही आणि उसवताही येत नाही, हे तिला आता कळत होतं.

असं वर्ष उलटून गेलं. मग थोरलीच्या अक्षरात काहीतरी बिघडलं.

पहिल्यांदा धाकटीला वाटलं, घाईत लिहिलं असेल. 'ळ' चौकोनाच्या रेघेवर बसला होता. पुढच्या आठवड्यात दोन अक्षरं एकाच घरात पडली. मग एक दिवस अख्खा शब्द एका घराने खाली घसरला आणि त्याचं शेवटचं अक्षर काळ्या चौकोनावर लिहिलेलं निघालं. शब्द बरोबर होते. बुद्धीत खोट नव्हती. धाकटीने आयुष्यभर शिवणी पाहिल्या होत्या. हात थकला की शिवण कशी जाते आणि डोळा चुकला की कशी जाते, हे तिला वेगळं सांगावं लागत नसे.

"ताईंना दिसत नाहीये," ती नवऱ्याला म्हणाली.

"वय झालं. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"नंबर वाढला की अक्षर मोठं होतं. हे घसरतंय. तुम्ही रोज वर जाता, तुम्हाला काही दिसलं नाही?"

तो विचारात पडला. "परवा दाराच्या चौकटीला खांदा लागला त्यांचा. मी म्हटलं, सांभाळून. तर म्हणाल्या, चौकटच मध्ये आली."

त्या दिवशी कोडं वर गेलं ते दुसऱ्या सकाळी, तिचे आडवे सोडले तर, जवळजवळ कोरं परत आलं. दोन उभे शब्द भरायचा प्रयत्न झाला होता. नंतर पेनाची एक लांब रेघ कागदभर गेली होती. धाकटीने मशीनचं पायडल सोडलं. खिडकी लोटून घेतली आणि आजचा पेपर, जो नवऱ्याने अजून वर नेला नव्हता, तो काखेत मारून जिना चढली.

थोरली खिडकीशी खुर्चीत बसली होती. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली, पण नजर धाकटीच्या थोडी बाजूने गेली. दीरच आला असं समजून ती म्हणाली, "आज लवकर आलात?"

धाकटी बोलायचं ठरवून आली होती ते सगळं पळालं. तिने समोरचं स्टूल ओढलं, बसली, पेपर उघडला आणि जे पहिलं दिसलं ते वाचलं.

"आडवा तीन. हत्तीचं नाक. दोन अक्षरी."

खालून रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"सोंड," थोरली म्हणाली. "एवढंही येईना तुला?"

"येत होतं. तुम्हाला येतं का बघत होते."

थोरलीच्या ओठाचा कोपरा हलला. मग तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले, आणि धाकटीने पाहिलं की त्या हातांवर जागोजागी निळे डाग आहेत. कपाटाचे, टेबलाचे, नळाचे. घरातली प्रत्येक वस्तू त्या बाईला लागत होती आणि ती कुणाला काही बोलली नव्हती.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"बरेच दिवस झाले. मला वाटलं मोतीबिंदू आहे. पिकला की काढू."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगणार कुणाला?" थोरलीने अगदी सहज विचारलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच धाकटीला ते सहन झालं नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली, उगाच दोन भांडी विसळली, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन म्हणाली, "उठा. साडी बदला. डॉक्टरकडे जायचं."

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती आणि घाई करणारी नव्हती. तिने बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. उजव्या डोळ्याचं बहुतेक सगळं गेलं होतं. डाव्याचं कडेकडेचं गेलं होतं, मधलं थोडं शिल्लक होतं. "गेलेलं परत आणता येणार नाही," डॉक्टर म्हणाली, "पण जे आहे ते थेंब रोज टाकले तर राखता येईल. यांना इथे आणायचं कुणाच्या लक्षात आलं?"

"हिच्या," थोरली म्हणाली. "माझं अक्षर ही रोज तपासते."

परतताना रिक्षात दोघी शेजारी बसल्या. वळण आलं की थोरली अंदाज नसल्याने कलंडे, म्हणून धाकटीने तिचा दंड धरून ठेवला. घर जवळ आल्यावर धाकटीने रस्त्याकडे बघत म्हटलं, "ताई, मी त्या दिवशी जे बोलले ते..."

"माहीत आहे मला."

"नाही, मला बोलू द्या. ते बोलायला नको होतं. बोलताना सुद्धा कळत होतं."

थोरली म्हणाली, "लागलं मला ते. लागलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण तुला मी न सांगणं, तेही बरोबर नव्हतं. मला वाटलं, तू अडवशील आणि तो थांबेल. तो थांबला असता तर मला बघवलं नसतं."

"मी अडवलंच असतं."

"म्हणूनच."

"आजही अडवीन," धाकटी म्हणाली, आणि तिला स्वतःलाच हसू आलं. थोरलीही हसली. रिक्षावाल्याने आरशातून एकदा पाहिलं. त्या बाईचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा त्याला वाटत होता.

त्यानंतर घराची घडी बदलली. धाकटीने वरच्या सगळ्या फर्निचरच्या कोपऱ्यांना जाड कापडाच्या गाद्या शिवून बांधल्या. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली. थेंबांची जबाबदारी नवऱ्याकडे. दुपारी जेवणं झाली की धाकटी मशीन झाकून वर जाई. मांडीवर पेपर, हातात पेन. आडवे शब्द आधी तिने स्वतः ओळखायचे, मदत मागायची नाही. मग उभे ती वाचून दाखवी, आणि थोरली डोळे मिटून ऐके.

गंमत अशी की चौकोन न दिसताही थोरलीला ते दिसत. "थांब," ती म्हणे, "तुझ्या आडव्या नऊतलं तिसरं अक्षर 'व' आहे ना? मग हे 'करार' नव्हे, 'ठराव' असेल." धाकटी घरं मोजून बघे, आणि ते बरोबर निघे. वर्षानुवर्षं कुणाचा कुठला नंबर कुठे जोडायचा ते तिने डोक्यात ठेवलं होतं. ती सवय आता इथे कामाला आली. पण तिचंही अडे. डोळ्यांनी न वाचलेला शब्द कधी कधी तिच्या हाती लागत नसे, आणि मग ती खिन्न होऊन बसे. "जाऊ दे. मिट तो पेपर," म्हणे. तेव्हा धाकटी मुद्दाम एखादा सोपा शब्द चुकीचा सांगे, इतका चुकीचा की थोरलीला राहवत नसे. ती चिडून दुरुस्त करी, आणि चिडली की पुन्हा रंगात येई. धाकटी मुद्दाम करते हे तिला कळे की नाही, कोण जाणे. बहुतेक कळत असावं.

गुंड्याचा फोन आता मध्ये ठेवून दोघी एकदम बोलत. एकाच वेळी दोन आया बोलू लागल्यावर त्याला एकीचंही नीट ऐकू येत नसे. तो म्हणे, "एकेक जण बोला." मग थोरली सवयीने म्हणे, "थांबा, जोडून देते," आणि फोन धाकटीच्या हातात देई.

पहिल्या मोठ्या रजेवर तो आला तो न कळवता. खालचं दार नुसतं लोटलेलं, मशीनवर झाकण. पाठीवरची थैली न उतरवताच तो जिना चढून वर आला. दारातून त्याला दोघी दिसल्या, एकीच्या मांडीवर पेपर, दुसरीचे डोळे मिटलेले, आणि फोनवर सगळं कळलेलं असूनही तो उंबऱ्यातच थबकला.

"आई," तो म्हणाला. "मोठी आई."

थोरलीने डोळे न उघडता हात वर केला. "एक मिनिट थांब रे. आडवे झालेत. अजून उभे राहिलेत."

"मीपण उभाच राहिलोय," गुंड्या म्हणाला.

तेव्हा कुठे धाकटीच्या मांडीवरचा पेपर खाली पडला. थोरलीने दोन्ही हात पुढे केले, आणि त्याने वाकून आपला चेहरा त्या हातांत दिला. तिने कपाळ, नाक, हनुवटी चाचपली. "दाढी वाढवलीस," ती म्हणाली. "शोभत नाही."

"तुला दिसतंय?"

"दिसायला कशाला हवं."

रजा संपल्यावर तो पुन्हा गेला. धाकटीने यावेळीही अडवलं, पण ते आपलं रीतीपुरतं. नंतर तिनेच त्याची थैली भरली, आणि इंजिनाच्या खोलीत घालायच्या पँटेला गुडघ्यांवर दुहेरी कापड लावून दिलं. तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत दोघी वरच्या खिडकीत उभ्या होत्या. थोरलीला तेवढं लांबचं दिसत नव्हतं, म्हणून धाकटी सांगत होती. "आता दुकानाशी पोचला. आता वळून बघतोय. हात हलवतोय." थोरली त्या दिशेने हात हलवत राहिली. "गेला," धाकटी म्हणाली, तेव्हा तिने हात खाली घेतला.

त्या दुपारी दोघींचंही कोड्यात लक्ष नव्हतं. एक शब्द काही केल्या येईना. 'किंचित', चार अक्षरी. तिसरं अक्षर 'मा' आणि शेवटचं 'ळ', बाकी काही नाही. धाकटीने जिभेवर येतील ते सगळे शब्द फिरवून पाहिले. थोरलीने बाराखडी पहिल्यापासून म्हटली. शेवटी तिनेच सांगितलं, "राहू दे. उद्या उत्तर छापून येईलच."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'अळुमाळ'.

"असा शब्दच नाही," धाकटी म्हणाली. "हे त्यांनी चौकोन भरायला बनवलंय."

"आहे," थोरली म्हणाली. तिची मान हळूहळू हलत होती. "माझी आजी म्हणायची. मी पार विसरून गेले होते बघ. अळुमाळ. म्हणजे जरासं."

धाकटीने तो शब्द एक-दोनदा तोंडात घोळवला. तिला तो आवडला. संध्याकाळी नवरा कामावरून येऊन वर थेंब टाकायला गेला आणि थोरलीला विचारू लागला, "वहिनी, आज कसं दिसतंय?"

"अळुमाळ," थोरली म्हणाली.

त्याने गोंधळून बायकोकडे पाहिलं. ती तिथेच चहा ओतत होती. "तुम्हाला साखर किती घालू," तिने विचारलं, "नेहमीसारखी की अळुमाळ?"